मेस्त्री लादी चाटतो

चाटत होतो. खोटं कशाला बोलू बाय, चाटतच होतो. वॉचमनने बघितलं ते खरंच बघितलं – आणि त्या बिचाऱ्याची पण काही चूक नाही. दुपारची नमाज आटपून माणसं गेली, सगळीकडे शांत, आणि मशिदीच्या हौदापाशी एक म्हातारा उकिडवा बसून एकेक लादी तोंडाला लावतोय – कुणालाही वाटणार, ह्याच्या डोक्याची वाट लागली. त्याने ट्रस्टींना सांगितलं, ट्रस्टींनी मिहिरसाहेबांना फोन केला, आणि मिहिरसाहेबांनी तुला पाठवलं. स्वतः का नाही आले? तर त्यांना लाज वाटली. एवढ्या मोठ्या आर्किटेक्टने ‘मेस्त्री, तुम्ही लाद्या चाटता का?’ असं कसं विचारायचं? मग पाठवा गंधालीला. गंधालीच ना गो तू? ऑफिसात त्या मोठ्या टेबलाच्या टोकाला बसतेस, ती. मॅडम-बिडम मला जमत नाही, माझ्या नातीएवढी आहेस, बाय म्हणतो. बस. तिथे नको – ती गोणी ओली आहे. इथे ये, ह्या फळीवर. ओढणी डोक्यावर घेतलीस, बरं केलंस. मी पण बघ टोपी घालतो – केसांत धूळ जाऊ नये म्हणून. ह्या लोकांना वाटतं, मेस्त्री आपल्या जागेचा मान ठेवतो. असू दे. मला धूळ लागत नाही, त्यांना बरं वाटतं.

हां, तर चाटायचं. ते कामाचंच आहे. लादीची पाठ असते ना, भाजलेल्या मातीची, ती जिभेला लावायची. जीभ चिकटली तर लादी तहानलेली आहे समजायचं. तहानलेली लादी सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि मग सिमेंट धरत नाही, चार पावसांत सुटतं. म्हणून जीभ चिकटली की लादी बादलीत टाकायची, भिजू द्यायची. साधी गोष्ट. मशीन कुठलं लागत नाही, जीभ देवाने फुकट दिली आहे – आमच्या देवाने दिली की ह्यांच्या, ते मी विचारलं नाही. संपलं. सांग जाऊन साहेबांना. चहा घेतेस?

काय? चकचकीत बाजू?

वॉचमन म्हणतो, चकचकीत बाजू चाटत होते. वा. नजर चांगलीच आहे की वॉचमनची. गेटवरून चपला चोरीला जातात त्या दिसत नाहीत, पण म्हातारा लादीची पाठ चाटतो की पोट, ते दिसतं.

सांगतो ना. दमाने सांगतो. आधी काम काय आहे ते तुला कळलं पाहिजे – तू कागदावर बघितलंयस, जमिनीवर नाही बघितलंयस. मी मूळचा गच्चीवाला. चायना मोझॅक. बिल्डिंगच्या गच्चीवर फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवतात ना, पांढरे, पाणी गळू नये म्हणून – ते. वडील गिरणीत होते, गिरणी बसली तेव्हा मी पंधरा-सोळाचा, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. मग एका मुकादमाने हातात हातोडी दिली. विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड – तुला सांगतो, ह्या लायनीतल्या निम्म्या बिल्डिंगींच्या डोक्यावर माझा हात आहे. कुणाला माहीत नाही. कारण गच्चीवर जातं कोण? पापड वाळवणारी बाई आणि चोरून सिगरेट ओढणारा माणूस. मिहिरसाहेब तसेच सापडले मला. मुलुंडला कुणाकडे पाहुणे आले होते, सिगरेट ओढायला वर आले, आणि खाली बघतात तर पायाखाली कमळ. पांढऱ्यात मी गुलाबी तुकड्यांचं कमळ टाकलं होतं. उगाच. कुणी सांगितलं नव्हतं, गुलाबी बेसिन फुटकं मिळालं होतं म्हणून. साहेब बघतच राहिले. सिगरेट तिथेच विझवली – कमळावर विझवली, पण ते सोड.

मग त्यांनी मला मोरोक्को दाखवलं. मोबाइलवर. साहेब आठ दिवस जाऊन आले होते आणि हजारभर फोटो काढले होते, त्यात भिंती कमी आणि साहेब जास्त. पण एक व्हिडिओ होता – एक म्हातारा, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच उकिडवा बसलेला, समोर दगडाची ऐरण, हातात जड हातोडी, आणि खट् खट् खट् – चौकोनी लादीतून एवढी एवढी नखाएवढी कातर काढतो. चांदणी, पाकळी, बदाम. मोजमाप नाही, पट्टी नाही. मी म्हटलं, साहेब, हा तर आपलाच माणूस. ह्याला कोणी पळवून नेला? आणि मग बघ, गंमत काय करतो – तुकडे लावायला घेतो ना, तर सगळे उलटे लावतो. रंग जमिनीकडे, पाठ आपल्याकडे. आख्खी नक्षी तोंड खाली करून, रुसलेल्या बायकोसारखी. वरून बघशील तर नुसती लाल माती, एकसारखी. कुठे निळा, कुठे हिरवा, कुठे पांढरा – सगळं त्याच्या डोक्यात. मग वरून जाळी आणि सिमेंट ओतायचं, दोन-तीन दिवस पाणी मारायचं, आणि मग एक दिवस उचलून उभं करायचं. तेव्हा कळतं काय केलंय ते. तोपर्यंत करणाऱ्याने पण बघितलेलं नसतं.

ते आवडलं मला. लग्नं पण आमच्या वेळी अशीच व्हायची.

तर ते तिकडे प्लायवर पडलंय ना, दोन फूट बाय दोन फूट, तो मधला तारा. सोळा टोकांचा. हौदाच्या वर मधोमध बसणार, लोक हातपाय धुताना समोर तोच दिसणार. तो आज उभा करायचा. त्याच्यावरच सगळं आहे – साहेबांनी मला स्पष्ट सांगितलंय, मेस्त्री, मधला तारा जमला तर बाजूच्या दोन्ही भिंती तुमच्या, नाहीतर मी गुजरातहून छापील लाद्या मागवतो, ट्रस्टी लोक थांबत नाहीत. छापील! नक्षी छापून येते त्याच्यावर, पोरांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर येते तशी. बघ तू. म्हणजे तुझं येणं एका परीने बरं झालं. नाहीतर मी एकटा – म्हणजे दोन माणसं लागतात उचलायला, म्हणून म्हणतो.

आणि तो वरचा काळा पट्टा बघितलास का? तो बघ. जवळ जा. हात लाव, लाव, मी धुऊनच काम करतो तिथे, तुझे हात काय घाण आहेत? ती अक्षरं. तो तर आख्खा वेगळाच खेळ आहे. काळ्या चकाकीची लादी घ्यायची, वर अक्षर काढायचं, आणि अक्षर सोडून बाकीचं सगळं छिन्नीने उडवायचं. आतली लाल माती उघडी पडते आणि काळं अक्षर वर राहतं. म्हणजे लिहायचं काही नाही, बाजूचं काढायचं. माझ्यासारख्याला हे बरं – जन्मात एक अक्षर लिहिलं नाही, पण बाजूचं काढायला मला कोण अडवणार? डोळे मिटून बोट फिरव. गुळगुळीत ते अक्षर, खरखरीत ती माती. मी तर बोटानेच – म्हणजे, उजेड कमी असतो ना इकडे.

अक्षरं काढून देतो तो परकार. जोगेश्वरीतच राहतो, रत्नागिरीकडचा, आमच्यासारखंच बोलतो, मासा पण आमच्यासारखाच खातो, फक्त रविवारी आमच्याहून उशिरा उठतो. बोरूने कागदावर लिहितो, मग टाचणीने भोकं पाडतो, वरून खडूची पूड मारतो, की लादीवर ठिपके उमटतात. मी त्याला पहिल्या दिवशी विचारलं, काय रे लिहिलंय? तर म्हणतो, पाण्याबद्दल काहीतरी चांगलं आहे, तेवढं पुरे तुला. म्हटलं, जरा वाचायला तरी शिकव. म्हणतो, अजिबात नाही. मागे एकाला दिलं होतं काम, चांगला शिकलेला, त्याने वाचत वाचत कोरलं. पुढचा शब्द त्याला आधीच माहीत, मग हात घाई करतो, वळण खाऊन टाकतो. तू बरा, तुला वळणाशिवाय काही माहीतच नाही. हे तो कौतुक म्हणून बोलला की शिवी म्हणून, ते अजून ठरवलेलं नाही मी. पण एक सांगतो, त्याच्या कागदावर हल्ली रेघ थोडी थरथरते. हात हलतो ना त्याचा. चहाची बशी घेतली की कळतं. मी छिन्नी मारताना ती थरथर काढून टाकतो, सरळ वळण ठेवतो, तो बघतो आणि पुढचा कागद सरकवतो. मी पण पुढची लादी घेतो. त्याचा हात गेलेला, माझे डोळे – दोघांत मिळून एक मेस्त्री होतो की नाही? झालं मग.

…

परकारच्या हाताचं तू ऐकलं नाहीस. शपथ घे. त्याच्या घरी त्याच्या सुनेलापण माहीत नाही.

माझ्या डोळ्यांचं काय? काही नाही. म्हाताऱ्या माणसाचे डोळे. मला तू दिसतोस की – दिसतेस की. तुझी ओढणी दिसते. रंग? ओढणीचा रंग कशाला पाहिजे आता? ओढणीच्या रंगाचं आपण काय करणार – लग्न जमवायचंय का कुणाचं? अगो, माणसाला सगळं दिसतं, आकार दिसतो, काळं दिसतं, पांढरं दिसतं, नखाएवढी कातर मला अजून डोळ्यांनी कळते, तुझ्या साहेबाला चष्मा लावून कळत नाही. फक्त – निळा आणि हिरवा. ते दोघं गेल्या दिवाळीपासून भांडण सोडून एका घरात राहायला लागलेत. एवढंच.

मोतीबिंदू. हो. आता बोललोच तर. आमच्या नितेशने नेलं होतं दाखवायला – माझा मुलगा, अंधेरीला एका ऑफिसात आहे. डॉक्टर म्हणाला, अर्ध्या तासाचं ऑपरेशन, सकाळी या, दुपारी घरी. मी म्हटलं करून टाकू. बाहेर आल्यावर नितेश म्हणतो, बाबा, ऑपरेशन झालं की मग धुळीत परत नाही हां. डायरेक्ट गाव. आई तिकडे एकटी आहे, अंगणात खुर्ची टाकून बसा. पोरगा वाईट नाही गो. चांगल्यासाठीच बोलतो. पण मी काय करू अंगणात बसून? कोंबड्या मोजू? मग मी ठरवलं, ऑपरेशनच नको. डोळे गेले तर गेले, पण हे काम संपल्यावर. पन्नास वर्षं लोकांच्या फुटक्या बेसिनवर काढली बाय. गच्चीवरून खाली उतरलोय पहिल्यांदा. पहिल्यांदा माझं काम कुणाच्या पायाखाली नाही, डोळ्यांसमोर आहे. आणि तेव्हाच ह्या डोळ्यांना – जाऊ दे.

मग मी काय केलं, डबे केले. निळे तुकडे श्रीखंडाच्या डब्यात, हिरवे बिस्किटांच्या डब्यात. चौकोनी डबा हिरवा, गोल डबा निळा. आहे की नाही अक्कल? नक्षी तर डोक्यात पाठ आहे, हात आपोआप डब्यात जातो. दोन महिने कुणाला पत्ता नाही लागला. साहेब उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, मेस्त्री, काय रंगाची जाण आहे तुमची. मी म्हणायचो, तुमची कृपा. श्रीखंडाची कृपा म्हणायला पाहिजे होतं.

आणि सोमवारी उठताना पाय लागला. माझाच पाय. दोन्ही डबे आडवे. सगळं एकमेकांत – चारशे तरी तुकडे असतील. बाय माझे, मी नुसता बसलो. बघतोय आणि सगळं एकच. विचारणार कुणाला? वॉचमनला विचारलं तर ट्रस्टींना कळणार, ट्रस्टींना कळलं तर साहेबांना, आणि साहेबांना कळलं की छापील लाद्या गुजरातहून निघाल्याच. मग बसल्या बसल्या एक तुकडा तोंडाला लावला. उगाच, सवयीने. आणि काय सांगू – हिरवा जिभेला वेगळा लागतो! त्याच्या चकाकीला केसाएवढ्या बारीक भेगा असतात, खरखर लागते जराशी. निळा गुळगुळीत, लोण्यासारखा. बोटाला नाही कळत, बोटं माझी हातोडी मारून मारून दगड झालीत. जिभेला कळतं. मग काय, बसलो निवडत. आख्खा सोमवार. तांदळातले खडे निवडतात तसे. तेच तुझ्या वॉचमनने बघितलं. पट्ट्याला जीभ लावली नाही हां, त्या अक्षरांना नाही. तेवढं कळतं मला, शाळेत गेलो नाही तरी.

आता सगळं सांगून बसलो तुला. सांगायचं काहीच नव्हतं.

बरं, ऊठ. करू उभा. चारनंतर लोक यायला लागतील वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, त्याच्या आधी होऊ दे. तू भिंतीच्या बाजूला नको, इकडे ये माझ्या बाजूला. तिकडची कड जागेवर राहू दे, आपल्याकडची फक्त उचलायची आणि भिंतीला टेकवायची. बोटं आत नको घालू. वजन माझ्याकडे दे. हळू – हळू – घाई नाही कसली – अजून – टेकली. सोड. सोडू नको! हां, आता सोड.

थांब, स्पंज फिरवतो. वर सगळा चिखल असतो. पाणी ओत जरा. बस.

पांढऱ्या तुकड्यांचे दोरे दिसतायत मला. टोकं मोज बरं – सोळा? सोळाच असणार. काळी चांदणी मधोमध. सांधे बघ, कुठे नख जातं का. नाही जात. अगो, उभा राहिला की! साला, उभा राहिला. ते मोरोक्कोवालं म्हातारं इथे पाहिजे होतं आता, त्याला म्हटलं असतं, बघ, विक्रोळीचा माणूस आहे.

रंग सांग.

छान म्हणजे? छान लग्नातल्या जेवणाला म्हणतात. पहिल्या कड्यात निळा पाहिजे, मग हिरवा, मग परत निळा, शेवटी हिरव्या पाकळ्या. तसं आहे का ते सांग. किती वेळ बघतेस? बरोबर असलेली वस्तू एवढा वेळ कुणी बघत नाही.

कुठे?

बोट दाखवून काय उपयोग, मला काय दिसतंय? माझं बोट धर. धर गो, लाजतेस काय. ठेव तिथे.

बरं. एक. हा हिरव्याच्या जागी निळा आहे? होतं. चारशेत एक. मिहिरसाहेब सांगत होते, तिकडे म्हणे कारागीर मुद्दाम एक चूक ठेवतात, सगळं बरोबर फक्त वरच्यालाच जमतं म्हणून. ठेवली मग आपण पण, रीतच आहे.

अजून? दोन. हा शेजारचाच.

तीन.

ने की बोट. चार. इकडे पण? पाच, सहा. बाय, तू सावकाश ने, माझा हात कुठे पळून जात नाही. सात. हे सगळे बाहेरच्या कड्यातले लागतायत. आतलं एकही नाही, नाही ना? आतलं सगळं बरोबर? आतलं मी सकाळी निवडलेलं. हे जेवल्यानंतरचे. जेवलो आणि वर तंबाखू मळून – चुना जरा जास्त झाला होता, जीभ भाजली होती, मी म्हटलं होईल बरी. भाजलेल्या जिभेला सगळंच खरखरीत. म्हणून सगळे हिरव्यात गेले. बघ, मेस्त्रीने आख्खा तारा केला आणि चिमूटभर चुन्याने – आठ. नऊ. एक चूक ठेवायची म्हणतात, मी त्या वरच्यावर जरा जास्तच मेहेरबानी केली. दहा. अकरा.

अजून आहेत?

बस. राहू दे. नको दाखवू.

…

नाही, तू ‘दिसत नाही लांबून’ म्हणू नकोस. तुला दिसलं ना? पाय धुवायला बसणाऱ्या माणसाला काय घाई असते? त्याला पण दिसेल. रोज पाच वेळा दिसेल. आणि तू साहेबांना ‘सगळं ठीक’ सांगशील, माझी दया येऊन – तुझ्या तोंडावर नाही दिसत मला, पण आवाजात ऐकू येतं. मग बाजूच्या दोन भिंती मला मिळतील, आणि त्या पण अशाच होतील. नको.

फोन काढ. नितेशचा नंबर देतो – मला नाही लावायचा, तू लाव. बाहेर जाऊन लाव, मला ऐकायचं नाही. सांग, बाबा ऑपरेशनला तयार आहेत. गावाचं नाव काढलं तर फोन ठेव म्हणाले, हे पण सांग. ह्याच शब्दांत. आणि साहेबांना सगळं सांग, जीभ, डबे, चुना, सगळं. तुकडे काढून बदलता येतात, जिथे तू बोट ठेवलंस तिथे खडूने खूण कर, मी दुसऱ्या कुणाकडून काढून घेतो, उभा राहून. रंगाला दुसरा माणूस बघा म्हणावं, माझे डोळे येईपर्यंत. पण काळ्या पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. छापील नाही, गुजरात नाही, शिकलेला माणूस तर अजिबात नाही. तिथे रंग नाही, तिथे मला डोळे लागत नाहीत. ते माझं आणि परकारचं आहे.

किती दिवस लागतात गो ऑपरेशननंतर? पंधरा? महिना? थांबतील. हा हौद माझ्या जन्माच्या आधीपासून नक्षीशिवाय थांबलाय, महिनाभराने काय बिघडतंय.

डोळे पूस. ओढणीने नको, सिमेंट आहे तिला. आणि निघ आता, लोक येतील, मला त्यांच्याआधी शब्दाचं हे वळण संपवायचंय. अर्धं राहिलंय. ते पूर्ण झाल्याशिवाय मी कुठल्या डॉक्टरसमोर बसणार नाही – पण हे नितेशला सांगू नकोस.

जा म्हटलं ना. उजेड अडवतेस माझा.